दुसरी मुलगी कुठे आहे?

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने निघाले की चिंचोळी एमआयडीसीचे कारखाने लागतात. त्यांच्या शेडवर उन्हात पत्रे चमकत असतात आणि फाटकाबाहेर कामगारांच्या बसेस उभ्या असतात. या परिसरातल्या शाळेत आम्ही शिकवतो. आमच्या मुलांना घड्याळ कळण्याआधी शिफ्ट कळते. ‘अब्बांची आज सेकंड आहे’ असे एखादा पहिलीतला मुलगा सांगतो, तेव्हा त्याच्या घरी आज कोण कधी जेवणार आणि कोण कधी झोपणार, हे सारे आम्हाला समजून जाते.

गेल्या वर्षीची गोष्ट. आठवीतल्या दोन मुली रिंग टेनिस खेळायच्या. मैदानात चुन्याच्या रेघा आखलेल्या, मध्ये जाळी आणि हातात रबराची रिंग. या खेळाला खर्च जवळपास नाहीच. एक मुलगी उंच, तिची फेक लांब जायची. दुसरी बुटकी, पण इतकी चपळ की जाळीजवळ पडणारी रिंग जमिनीला टेकायच्या आत तिच्या हातात असायची. शाळेत सगळे त्यांना लंबी आणि छोटी म्हणत, म्हणून येथेही तसेच म्हणू. एकेरीत दोघीही साधारण होत्या. दुहेरीत मात्र नववी-दहावीच्या मुलींनाही त्या हरवायच्या.

तालुक्याच्या स्पर्धेला दोघींचे नाव दिले. स्पर्धेच्या सकाळी लंबी एकटीच आली.

“टीचर, वो नई आती. उसके अब्बा नको बोले.”

जोडी पूर्ण नसल्यामुळे नाव बाद झाले. लंबी दिवसभर मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्यांचे सामने बघत राहिली. परतीच्या वाटेवर तिने आम्हाला विचारले, “टीचर, मी तर आले होते ना? मग माझं नाव का काढलं?”

दुहेरी दोघींचीच असते, एकटीला खेळता येत नाही, एवढेच आम्ही तिला सांगितले. उत्तर नियमाला धरून होते, पण त्यानंतर कितीतरी दिवस ते आमच्या मनातून गेले नाही. या लेखाचे निमित्त तेच.

रमजानमधली ती रात्र

दुहेरी टेनिस म्हटले की आपल्या घरांमध्ये एकच नाव निघते, सानिया मिर्झा. तिचा जन्म 15 नोव्हेंबर 1986 रोजी मुंबईत झाला आणि ती वाढली हैदराबादला. 2015 साली 11 जुलैला विम्बल्डनच्या महिला दुहेरीची अंतिम फेरी होती. रमजानचा महिना होता. तरावीह आटोपून आलेली माणसे टीव्हीसमोर बसली होती. सानिया आणि स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस एका बाजूला, रशियाच्या एकातेरिना माकारोवा आणि एलेना वेस्निना दुसऱ्या बाजूला.

पहिला सेट 5-7 असा गेला. दुसरा टायब्रेकवर मिळाला. तिसऱ्या सेटमध्ये सानिया-हिंगिस 2-5 अशा मागे पडल्या. आणखी एक गेम गेला असता तर सगळे संपले असते. तेथून त्यांनी 5-5 अशी बरोबरी केली. तोवर लंडनमध्ये अंधारून आले होते. कोर्टचे छत बंद करून दिवे लावण्यात आले आणि पुन्हा खेळ सुरू झाल्यावर दोघींनी तो सेट 7-5 ने घेतला. महिला दुहेरीचे ग्रँड स्लॅम विजेतेपद भारतीय स्त्रीला मिळाल्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या जोडीने अमेरिकन ओपन जिंकली आणि 2016 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन. लागोपाठ 41 सामन्यांत त्यांना कोणी हरवू शकले नाही. सानिया 13 एप्रिल 2015 रोजी दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. एकूण 91 आठवडे ती त्या जागेवर राहिली. मिश्र दुहेरीतली तीन ग्रँड स्लॅम विजेतेपदे वेगळीच.

ती दुहेरीकडे कशी वळली, हेही मुलींना सांगण्यासारखे आहे. एकेरीत ती 2007 मध्ये 27 व्या क्रमांकापर्यंत गेली होती. पुढे मनगटाच्या आणि गुडघ्याच्या दुखापतींनी तिला छळले, शस्त्रक्रिया झाल्या. एकेरीत संपूर्ण कोर्टवर एकटीने धावणे शरीराला झेपेना, तेव्हा तिने दुहेरीवर लक्ष दिले. तिचा फोरहँड जबरदस्त होता. हिंगिसचा बॅकहँड आणि जाळीजवळचा खेळ अव्वल होता. एकीची उणी बाजू दुसरीने भरून काढली.

अर्धे कोर्ट दुसरीचे

टेनिसचे कोर्ट 78 फूट लांब असते. एकेरीसाठी त्याची रुंदी 27 फूट धरतात. दुहेरीसाठी दोन्ही बाजूंचे साडेचार-साडेचार फुटांचे पट्टे खेळात येतात आणि रुंदी 36 फूट होते. एवढी जागा एकटीला सांभाळता येणार नाही, हे मैदान आखतानाच मान्य केलेले असते.

दुहेरी टीव्हीवर बघताना चेंडूवरची नजर थोडा वेळ काढून जोडीदाराकडे वळवून पाहावी. एक मुलगी सर्व्हिस करत असते, दुसरी जाळीजवळ उभी असते. जाळीजवळची आपला हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करते: मी जागेवर थांबते किंवा मी पलीकडे सरकते. सर्व्हिस करणारी ती खूण पाहून चेंडू कुठे टाकायचा ते ठरवते. म्हणजे पुढे उभ्या असलेल्या मुलीला आपल्या मागे काय चालले आहे ते दिसत नाही. तिला विश्वासावर उभे राहावे लागते. दोघींच्या मधोमध आलेला चेंडू कोणी घ्यायचा, हे आधी ठरलेले नसेल तर दोघीही एकमेकींकडे बघत राहतात आणि चेंडू मधून निघून जातो. पॉइंट मिळाला तरी दोघी हातावर हात टेकवतात, गेला तरी टेकवतात. चूक जिची झाली तिच्याकडे दुसरीने डोळे वटारले की सामना तिथेच हातातून जायला लागतो.

हे सगळे सरावानेच जमते, आणि सरावाला रोज तीच जोडीदार यावी लागते.

बार्शीची मुलगी

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बार्शी आपल्याला धान्याच्या बाजारामुळे ठाऊक असते, नाहीतर घरात कोणाला कर्करोग झाला की तिथल्या रुग्णालयामुळे. त्याच बार्शीची एक मुलगी 2016 च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात ऑलिंपिकच्या कोर्टवर सानिया मिर्झाच्या शेजारी उभी होती. तिचे नाव प्रार्थना ठोंबरे. वय 22 वर्षे. सानिया तेव्हा 29 वर्षांची होती.

दोघी एकत्र खेळण्याची ती पहिली वेळ नव्हती. 2014 साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यात महिला दुहेरीचे कांस्यपदक याच जोडीने भारताला मिळवून दिले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या किती घरांना हे ठाऊक आहे? आमच्या वर्गात विचारले तेव्हा एकही हात वर झाला नव्हता. खरे सांगायचे तर, लेखासाठी वाचायला बसेपर्यंत आम्हालाही ते नीटसे आठवत नव्हते.

ऑलिंपिकच्या दुहेरीत 32 जोड्या असतात. त्यात प्रवेश दोघींच्या मानांकनावरून मिळतो. मात्र पहिल्या दहांतल्या खेळाडूला आपल्या देशाची जोडीदार सोबत नेण्याची सवलत असते. सानिया पहिल्या क्रमांकावर होती, प्रार्थनाचा क्रमांक बराच खाली होता. सानियाच्या मानांकनामुळे ते दार उघडले.

पहिल्याच फेरीत गाठ पडली चीनच्या झांग श्वाई आणि पेंग श्वाई यांच्याशी. पेंग स्वतः पूर्वी दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेली, विम्बल्डन आणि फ्रेंच ओपन जिंकलेली. झांगनेही पुढे दुहेरीची दोन ग्रँड स्लॅम जिंकली. अशा दोघींसमोर बार्शीची मुलगी आपले पहिले ऑलिंपिक खेळत होती.

पहिला सेट टायब्रेकवर गेला. टायब्रेकही 6-8 असा थोडक्यात हुकला. दुसरा सेट सानिया-प्रार्थनाने 7-5 असा काढला. तिसरा सेट 5-5 पर्यंत बरोबरीत चालला आणि 5-7 ने गेला. सामना पावणेतीन तासांच्या आसपास चालला. नवख्या मुलीला बाजूला काढायला इतका वेळ लागत नाही. प्रार्थना त्या कोर्टवर टिकून खेळली.

त्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत आणखी एक जोडी हरली. अमेरिकेच्या सेरेना आणि व्हीनस विल्यम्स. ऑलिंपिक दुहेरीत त्या बहिणी तोवर कधी हरल्याच नव्हत्या, तीन सुवर्णपदके त्यांच्या नावावर होती. रिओचे सुवर्ण माकारोवा आणि वेस्निना यांनी नेले. म्हणजे वर्षभरापूर्वी विम्बल्डनमध्ये सानिया-हिंगिसकडून तिसऱ्या सेटमध्ये 5-2 वरून हरलेल्या त्याच दोघी. त्यांनी जोडी मोडली नाही, एका पराभवाने एकमेकींना दोष दिला नाही, आणि पुढच्या वर्षी ऑलिंपिकचे सुवर्ण घेतले. रिओच्या अंतिम फेरीत त्यांच्यासमोर हिंगिसच होती, पण तिच्या बाजूला सानिया नव्हती. ऑलिंपिकमध्ये जोडी एकाच देशाची लागते.

चार ऑलिंपिक, चार जोडीदार

येथे आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. सानिया चार ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी खेळली. 2008 ला बीजिंगमध्ये तिच्यासोबत अमेरिकेत वाढलेली सुनीता राव होती. 2012 ला लंडनमध्ये रश्मी चक्रवर्ती. 2016 ला रिओत प्रार्थना ठोंबरे. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये गुजरातची अंकिता रैना. टोकियोत पहिला सेट 6-0 असा जिंकून, दुसऱ्यात 5-3 अशी आघाडी असताना युक्रेनच्या किचेनोक बहिणींनी सामना फिरवला. चार वेळा प्रयत्न झाला आणि चारही वेळा जोडीदार नवी होती. पदक एकदाही मिळाले नाही.

यात कोणत्याही जोडीदाराचा कमीपणा दाखवायचा नाही. चौघीही आपापल्या परीने मेहनत करून तिथे पोहोचल्या होत्या. पण ज्या देशात एवढ्या मुली आहेत, त्या देशात जगात पहिल्या क्रमांकावरच्या खेळाडूला आठ-दहा वर्षे टिकणारी घरची जोडीदार मिळाली नाही. हिंगिससोबत ती रोज खेळू शकत होती, कारण जगात त्या दर्जाच्या अनेकजणी होत्या. देशाच्या जर्सीत मात्र निवडायला फार थोड्या मुली होत्या.

आपण सानियाचे कौतुक खूप केले. घराघरात तिचे पोस्टर लागले, मुलींची नावे सानिया ठेवली गेली. आमच्या शाळेच्या हजेरीपटावरच गेल्या काही वर्षांत कितीतरी सानिया होऊन गेल्या. त्यांतली एकही कधी मैदानावर फारशी दिसली नाही. पाचवी-सहावीपर्यंत सगळ्या पळतात. सातवी-आठवीला मैदानावरची एकेक मुलगी कमी होत जाते. गळती शाळेतून नसते, अभ्यासात त्या पुढेच असतात. गळती फक्त मैदानावरून होते. मग एखादी लंबी उरते, आणि तिच्यासोबत खेळायला छोटी नसते.

आशेच्या बातम्याही आहेत, त्या सांगायलाच हव्यात. श्रीरामपूरकडची ऋतुजा भोसले हिने 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपन्नासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. प्रार्थना ठोंबरे 2024 च्या फेब्रुवारीत मुंबई ओपनमध्ये नेदरलँड्सच्या आरियान हार्टोनोसोबत दुहेरीच्या अंतिम फेरीत पोहोचली. रिओनंतर आठ वर्षांनीही ती खेळत होती, ही गोष्ट आम्हाला पदकाइतकीच मोठी वाटते. गेल्या काही वर्षांत महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या सोलापुरातही झाल्या आहेत. परदेशी मुली सोलापूरच्या उन्हात खेळून जातात. त्या बघायला आपल्या मुलींना कोणी नेले का, हा प्रश्न आधी आम्ही स्वतःलाच विचारतो.

कपडे, ऊन आणि लोक

आपल्या घरांत मुलीच्या खेळाचा विषय निघाला की पहिली अडचण कपड्यांची सांगितली जाते. सानियाच्या कपड्यांवरून 2005 साली मोठा वाद झाला होता. काही मौलवींनी आक्षेप घेतला, वर्तमानपत्रांनी तो चघळला. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. तिने काय घालावे यावर आज पुन्हा चर्चा करण्यात आम्हाला रस नाही. मात्र आपल्या मुलीने काय घालून खेळावे, याची काळजी करणाऱ्या आईवडिलांना आम्ही हसणार नाही. ती काळजी खरी आहे आणि तिला उत्तरही आहे.

महिला टेनिस संघटनेने 2019 मध्ये आपल्या नियमांत स्पष्ट केले की खेळाडूंना स्कर्टशिवाय लेगिंग घालून खेळता येते. रिओ ऑलिंपिकमध्येच वाळूवरच्या व्हॉलीबॉलमध्ये इजिप्तची जोडी उतरली होती. दुआ अल-गोबाशी हिजाब घालून खेळली. तिची जोडीदार नदा मावाद पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, पण हिजाबशिवाय खेळली. तोही दोघींचाच खेळ. दोघींनी आपापल्या घरच्या रीतीप्रमाणे कपडे घातले आणि मैदान एकत्र सांभाळले. आमच्या शाळेत तर सलवार आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून मुली रिंग टेनिस खेळतात. रिंग अडवायला त्याने काही कमी पडत नाही.

दुसरी अडचण उन्हाची, म्हणजे खरे तर रंगाची. तिसरी लोकांची. या दोन्हींविषयी पुढे छोटीच्या दादीने जे सांगितले, ते आमच्या कोणत्याही भाषणापेक्षा बरे होते.

छोटीच्या घरी

त्या स्पर्धेनंतर महिनाभराने आम्ही छोटीच्या घरी गेलो. महिनाभर का थांबलो, याचे आमच्याकडे चांगले उत्तर नाही. स्पर्धेआधी आम्ही फॉर्म मुलीच्या हातात दिला होता आणि ‘अब्बांची सही आण’ म्हणून सांगितले होते. स्पर्धा कुठे आहे, जायचे कसे, परतायचे कधी, सोबत कोण, यातले एक अक्षरही फॉर्मवर नव्हते. सही नाही आली तेव्हा ‘यांच्या घरचे वातावरणच तसे’ असे आम्ही शिक्षक मंडळींनी चहा पिता पिता ठरवून टाकले होते. आपल्याच लोकांविषयी आम्ही इतक्या लवकर मत बनवतो.

छोटीचे अब्बा एका कारखान्यात मशीनवर काम करतात. त्या दिवशी त्यांची फर्स्ट शिफ्ट होती, त्यामुळे दुपारनंतर घरी भेटले. अंगावर अजून कंपनीचा शर्ट होता. आम्ही विषय काढला तेव्हा ते थोडे दुखावल्यासारखे वाटले.

“टीचर, मैं खेलने को कब नको बोला? मैं इत्ताच पूछा, वापस कौन लाता? उस हफ्ते मेरी सेकंड थी. रात को आता मैं. मगरिब के बाद बच्ची हायवे पर खड़ी रहती क्या?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्या नकाराला आम्ही धर्माचे, मागासपणाचे, न जाणो कशाकशाचे नाव दिले होते, तो नकार निघाला शिफ्टच्या वेळापत्रकाचा. आमच्या मुलींना परत आणायला गाडी नव्हती. शाळेनेही तिचा विचार केला नव्हता. अब्बा विचारत होते तो प्रश्न कोणत्याही बापाने विचारला असता.

एवढ्यात दादी बोलल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. धूप में लड़की काली पड़ जाती, फिर रिश्ता कौन देता, अशी त्यांची तक्रार. आम्ही सहज विचारले, दादी, तुम्ही तरुणपणी काय करायच्या? त्या म्हणाल्या, बिडी वळायचो. घरी वळलेल्या बिड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, पाने-तंबाखू घेऊन परत यायचे.

“उन्हात?”

“धूप में नई तो क्या चाँदनी में?” दादी हसल्या. “रोज चलके जाती थी मैं.”

“लोक काही बोलायचे नाहीत?”

“बोलते थे. मैं अकेली कब गई? पड़ोसन थी ना साथ में. हम दोनों मिलके जाते थे, दोनों मिलके आते थे. अकेली को लोगाँ बोलते, दो को कौन बोलता?”

घरात क्षणभर कोणी काही बोलले नाही. अब्बांनी आपल्या आईकडे पाहिले. छोटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळे ऐकत होती.

घराने काय करावे, शाळेने काय करावे

सानियाने 2023 च्या जानेवारीत निवृत्तीची घोषणा करताना आपली सुरुवात आठवली होती. सहा वर्षांची असताना ती आईसोबत हैदराबादच्या निझाम क्लबच्या कोर्टवर गेली. प्रशिक्षकाला ती फार लहान वाटली, त्याने शिकवायला नकार दिला. मग शिकवायला लावण्यासाठी त्याच्याशी भांडण करावे लागले. पुढे वडील इम्रान मिर्झा यांनी तिच्या खेळाची जबाबदारी उचलली. म्हणजे जगाला जी सानिया दिसली, तिची पहिली जोडीदार तिची आई होती. कोर्टवर सोबत नेणारी आणि घरी परत आणणारी.

टेनिस महाग खेळ आहे, हे आम्हाला मान्य आहे. चांगली रॅकेट हजारोंची असते, कोर्ट आणि प्रशिक्षण शहरात, बाहेरगावच्या स्पर्धांचा खर्च वेगळा. एमआयडीसीतल्या कामगाराच्या पगारात ते बसत नाही. आमच्या सगळ्या मुलींनी टेनिसच खेळावे असा आमचा आग्रहही नाही. रिंग टेनिस आहे, बॅडमिंटन आहे, कॅरम आहे. खेळ कोणताही असो, बाराव्या-तेराव्या वर्षी मैदान सुटू नये एवढीच मागणी आहे. त्यासाठी आम्हाला जे सुचले आणि ज्याचा थोडा अनुभव आला, ते वाचक भगिनी आणि बंधूंसमोर ठेवतो.

मुलीला खेळायला पाठवायचे तर दोघींना पाठवावे. शेजारची, चुलत बहीण, वर्गातली मैत्रीण, कोणीही. दोघी एकत्र गेल्या की आईची निम्मी चिंता कमी होते आणि दोघींचा सरावही चुकत नाही. नेण्या-आणण्याची पाळी दोन घरांनी वाटून घ्यावी. एकाची फर्स्ट असेल तेव्हा दुसऱ्याची सेकंड असते, हे एमआयडीसीतल्या माणसांना समजावून सांगायला नको. दोन्ही अब्बा कामावर असतील तेव्हा अम्मी, चाची, मामू यांपैकी कोणीतरी असतेच.

मुलीला थेट मैदानावर जाऊन एकदा तरी खेळताना बघावे. ज्या बापाने आपल्या मुलीला पॉइंट घेताना पाहिले आहे, तो पुढच्या वेळी नकार देण्याआधी चार वेळा विचार करतो. निकालावर घरात फार बोलू नये. हरली तर ‘बस झालं आता’ असे म्हणू नये, जिंकली तर मोहल्लाभर मिरवू नये. दुसऱ्या दिवशी सरावाला गेली का, एवढे विचारावे.

आणि शाळेने, म्हणजे आम्ही, मुलीच्या हाती कोरा फॉर्म देऊन मोकळे होऊ नये. स्पर्धेचे ठिकाण, निघण्याची आणि परतण्याची वेळ, सोबतच्या शिक्षिकेचे नाव हे सगळे लिहून द्यावे. जमेल तिथे घरी जावे. अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आम्ही वाचवला आणि दोन मुलींचे एक वर्ष गेले.

या वर्षीचा फॉर्म

यंदा लंबी आणि छोटी नववीत आहेत. दोघींच्या अब्बांनी आपसात बोलून परतण्याची व्यवस्था ठरवली आहे. ज्या दिवशी दोघांचीही सेकंड असेल, त्या दिवशी शाळेतल्या एका शिक्षिकेने दोघींना दारापर्यंत सोडायचे कबूल केले आहे. एका वर्षाच्या खंडामुळे छोटीचा हात बसला होता, आता पुन्हा सुटतो आहे. सरावाच्या पहिल्याच दिवशी मधोमध आलेल्या रिंगसाठी दोघी एकमेकींवर आदळल्या आणि मग खाली बसून हसत सुटल्या. ती रिंग कोणी घ्यायची ते आता ठरले आहे: छोटी घेणार.

त्या तालुक्यात जिंकतील का, आम्हाला माहीत नाही. छोटीच्या अब्बांनी सही करताना तेच विचारले. आम्ही त्यांना रिओची गोष्ट सांगितली. बार्शीची मुलगी सानियासोबत खेळली, हरली, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे खेळत राहिली. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, “बार्शी की? अपनी बार्शी?”

“हो, आपलीच बार्शी.”

मग त्यांनी पेन घेतले. सही करून झाल्यावर फॉर्म उलटा करून मागे परतण्याची वेळ लिहिली आहे का, हे त्यांनी तपासले. लिहिलेली होती. स्पर्धेच्या सकाळी दोन्ही मुली फाटकाशी दिसल्या, की बाकीचे मैदानावर बघू. इन्शाअल्लाह.